गिरवून अक्षर येत नाही: मुलांना मराठी हस्ताक्षर घरी कसं शिकवायचं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या सोसायटीतल्या आया मला जिन्यात गाठतात. "अहो याचं अक्षर बघा ना, नुसते कोंबडीचे पाय, काहीतरी करा." मी गेली चौदा वर्षं घरी पहिली ते चौथीच्या शिकवण्या घेतेय आणि मला माहीत असतं की याआधी दोन गोष्टी करून झालेल्या असणार, एक म्हणजे रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि दुसरी म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या प्रिंटआउट. दोन्हीचा उपयोग शून्य. पहिल्याने मूल वैतागतं आणि दुसऱ्याने आईबाप फसतात. मीही फसलेय, ते पुढे सांगते.

आता कोणी विचारेल की टॅब आणि मोबाइलच्या जमान्यात हाताने लिहून करायचंय काय. तर एक म्हणजे दहावीचा मराठीचा पेपर आजही ८० मार्कांचा आणि ३ तासांचा आहे, तो हातानेच लिहायचाय. दुसरं जास्त महत्त्वाचं, ज्या मुलाला अक्षर काढता येतं त्याला ते वाचताना लवकर ओळखू येतं. हे मी माझ्या टेबलाशी बसलेल्या पोरांत बघतेय, ज्याला ध काढता येत नाही तो वाचतानाही घ आणि ध मध्ये अडखळतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, ३६ कॉलेजच्या मुलांच्या डोक्याला सेन्सरची जाळी लावून, तर हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग आपसात जास्त बोलत होते, टाइप करताना तेवढे नाही. गंमत म्हणजे ती मुलं स्क्रीनवर डिजिटल पेनने लिहित होती, म्हणजे टॅबवर राग काढण्यात अर्थ नाही, हात फिरतोय की नुसतं बटण दाबलं जातंय एवढाच प्रश्न आहे.

सुरुवातीचं

पाच वर्षांच्या आधी लिहायच्या मागे लागू नका. त्याआधी कणकेचे गोळे, मटार सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं, ठिपक्यांची रांगोळी, बोटांना ताकद यातूनच येते.

सामान म्हणजे पाटी, दुरेघी वही आणि टूबी पेन्सिल. टेबल-खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट द्या, लटकत्या पायांनी कोणाचंच अक्षर चांगलं येत नाही.

पेन्सिल धरणं

यावर लोक फार वेळ घालवतात, रबरी ग्रिप काय आणतात, बोटांना टिकल्या काय लावतात. मी एकच करते, पेन्सिलीचा दोन इंचांचा तुकडा देते. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप अंगठा आणि दोन बोटांत येतो. तरी एखादं मूल चार बोटांनी धरतं, धरू द्या. नखं पांढरी होतायत का किंवा पानाच्या मागच्या बाजूला अक्षर उमटतंय का तेवढं बघा, कारण ते दाबून लिहिणं मोडलं नाही तर चौथीत हात दुखतो अशी तक्रार येणारच. डावखुऱ्या मुलाला हात बदलायला लावू नका, आजी काहीही म्हणो. त्याची वही थोडी डावीकडे सरकवून वरचं टोक उजवीकडे तिरकं करा आणि पेन्सिल जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली पुसलं जात नाही.

रेघा आणि अक्षरांचा क्रम

आठवडाभर नुसत्या रेघा: उभी वरून खाली, आडवी डावीकडून उजवीकडे, अर्धगोल, गाठ. बास.

मग अक्षरं, पण कृपा करून क ख ग घ असा क्रम घेऊ नका. तो क्रम उच्चारांचा आहे, हाताचा नाही. जुन्या गुरुजींचं ग म भ न उगाच नव्हतं, चौघांनाही गाठ आणि उभी दांडी, एक हाताला बसलं की बाकीचे तीन सोपे. तसंच व काढला की त्याच्या पोटात रेघ मारली की ब, शेपटी लावली की क. ट, ठ, ढ, द एका घरातले. प, ष, फ एका घरातले. ळ आणि झ सगळ्यात शेवटी ठेवा, ते कोणाच्याच घरातले नाहीत.

आणि ॲपवरून शिकवत असाल तर ल आणि श तपासून घ्या. बरीच ॲप हिंदीची असतात, त्यात उभ्या दांडीचा ल असतो, आपला दोन पाकळ्यांचा.

आता खरी भानगड: गिरवणं सोडवणं

माझी स्वतःची मुलगी साडेपाच वर्षांची असताना तिने गिरवण्याच्या तीन वह्या भरल्या. तीन! मी अभिमानाने सासूबाईंना दाखवल्या, त्यांनी शेजारी दाखवल्या. मग एक दिवस सहज कोरा कागद दिला आणि म्हटलं भ काढ. पोरगी पेन्सिल धरून नुसती बसून राहिली आणि मग म्हणाली, "आई, ठिपके कुठेत?"

मी त्या दिवशी चिडले, आवाज चढवला, त्याची अजून लाज वाटते. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा कागद न बघता पेन्सिलीचं टोक बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. ठिपक्यांवरून ती क काढत होती तो असा: आधी शेपटी, ती पण खालून, मग दांडी खालून वर, मग डावीकडचा गोल उलटा फिरवून. पूर्ण झाल्यावर कागदावर अगदी पुस्तकातला क! कोणी नुसती वही तपासली असती तर शाबासकीच दिली असती, मी दिलीच होती की तीन वह्या. तिच्यासाठी ते अक्षर नव्हतंच, ते ठिपके जोडायचं चित्र होतं, कुठूनही सुरू करा आणि ठिपके संपले की झालं.

नंतर कळलं की हे तपासलेलंसुद्धा आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, काही अक्षरं टाइप करायला दिली, काही गिरवायला, काही स्वतःच्या हाताने काढायला. मग एमआरआयमध्ये तीच अक्षरं दाखवली. मेंदूतली वाचनाची यंत्रणा जागी झाली ती स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना तशी नाही, टाइप केलेल्यांना तर नाहीच. त्यांचा अंदाज असा की स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वाकडं-तिकडं येतं आणि त्या वाकडेपणातूनच मुलाला कळतं की इतका बदल झाला तरी हा क च आहे. म्हणजे आपण ज्या वाकड्या अक्षरावर ओरडतो तेच कामाचं असतं.

तर आता मी काय करते ते सांगते. गिरवायचं एका अक्षराला फक्त एक दिवस, तेही पाटीवर माझ्या मोठ्या अक्षरावरून बोटाने, सुरुवात कुठून ते तोंडाने म्हणत: "वरून खाली, गाठ, आडवी, आता दांडी." दुसऱ्या दिवशी ताटात रवा पसरायचा, त्यात बोटाने काढायचं, समोर नमुना नाही. आपल्याकडे पूर्वी मुलं धुळाक्षरंच काढायची, धुळीत चूक झाली तर हात फिरवला की गेली, खोडरबराने कागद फाटण्याची भीती नाही. (रवाच घ्या, पीठ घेऊ नका, ते बोटाला चिकटतं आणि नंतर घरभर होतं.) रव्यात दोन-चार वेळा जमलं की डोळे मिटून हवेत काढायला सांगायचं, पूर्ण खांद्यापासून हात फिरवून. डोळे मिटून ज्याला क चा रस्ता सापडतो त्याला तो आला असं समजा.

मग वही. पानाच्या वर मी एक अक्षर काढते, मूल ते नीट बघतं, मी त्यावर पोस्टकार्ड ठेवते, मूल आठवून काढतं, पोस्टकार्ड उचलून ताडून बघतं. असं फक्त तीनदा. तिन्हींतलं सगळ्यात चांगलं कोणतं ते मुलाने सांगायचं आणि त्याला गोल करायचा. मी काही बोलत नाही. मुलं आपल्यापेक्षा कडक परीक्षक असतात, एकजण मला म्हणाला, "बाई, तिन्ही नापास, परत काढतो."

हे पोस्टकार्ड महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. कारण नमुना समोर राहिला तर काय होतं ते कोणतंही शुद्धलेखनाचं पान उघडून बघा. पहिली ओळ बरी, तिसरी जरा तिरकी, दहावी ओळ वाचवत नाही. मूल नमुना बघतच नाही हो, ते वरच्या ओळीतलं स्वतःचंच अक्षर बघून उतरवतं आणि प्रत्येक ओळीत थोडी थोडी चूक वाढत जाते. दहा ओळींत ते चुकीचा सराव दहा वेळा करतं. समर्थांनी दासबोधात एक अख्खा समास अक्षर कसं काढावं यावर लिहिलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच, त्यात ते म्हणतात की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसलं पाहिजे. ते मोठ्यांसाठी लिहिलंय, पण मुलाकडून हवं असेल तर त्याला तीनच काढू द्या, तीन एकसारखी येतील.

या टप्प्यात अक्षर बिघडतं हे आधीच सांगून ठेवते. ठिपके काढून घेतले की पहिले पंधरा दिवस इतकं घाण दिसतं की नवरा विचारतो, आधी बरं होतं ना? इथेच बहुतेक घरांत हार मानून परत प्रिंटआउट काढतात. मीही एकदा काढली होती आणि तो महिना वाया गेला. नका काढू.

शिरोरेघ

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी खास. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, मराठी अक्षर रेघेला लटकतं. हे वाक्य मुलाला सांगा, दोरीवरचे कपडे दाखवा, लगेच कळतं. दुरेघीत दांडी वरच्या रेघेपासून सुरू आणि खालच्या रेघेला टेकली पाहिजे, अर्ध्यात थांबायला नको.

शिरोरेघ आधी मारायची की नंतर यावर वाद घालणारे लोक आहेत. माझं ठाम मत, पूर्ण शब्द झाल्यावर, एका दमात, डावीकडून उजवीकडे. एकेका अक्षराची वेगळी मारली की शब्द तुटतात आणि वेग कधीच येत नाही. फक्त भ आणि ध ला सांभाळून, तिथे रेघ उचलायची. ती सरसकट ओढली की 'धर'चं 'घर' होतं आणि 'भात'चा 'मात'. माझ्याकडच्या एका मुलाने निबंधात "आईने हात घरला" लिहिलं होतं, बिचाऱ्याला शब्द येत होता, रेघ नडली. दोन शब्दांत करंगळीएवढं अंतर.

पुढचं सगळं

काना-मात्रा सोप्या आहेत, फक्त वेलांटीची कमान दांडीपर्यंत आली पाहिजे, अर्ध्यात लोंबकळत ठेवायची नाही. जोडाक्षरं दुसरीत, त्यात र ची तेवढी नाटकं, रफार, प्र मधली तिरकी रेघ, ट्र मधली टोपी, ती एकेक आठवडा वेगवेगळी घ्या. वेग तिसरीच्या आधी मोजू नका. रोज दहा मिनिटं, अकरावं मिनिट नाही.

आठ वर्षांचं झालं तरी अक्षरं उलटी येतायत, तोंडी सगळं येतं पण लिहायला बसलं की रडारड, तर तो आळस समजून मारू नका, तपासणी करून घ्या. लेखन अक्षमता असते काही मुलांना आणि बोर्डाच्या परीक्षेत त्यांना सवलतही मिळते.

राहता राहिला शाळेचा दहा ओळींचा गृहपाठ, तो काही टळत नाही. मी मुलीच्या वेळी दोन ओळी सकाळी, तीन दुपारी अशा तुकड्यांनी लिहून घ्यायचे आणि प्रत्येक तुकड्याआधी वरचं सगळं पोस्टकार्डाने झाकायचे. एकदा हिंमत करून वहीत बाईंना चिठ्ठी लिहिली की पाचच ओळी चालतील का, पण नीट. दुसऱ्या दिवशी वही आली, खाली लाल पेनाने "ठीक आहे". पोरीने बराच वेळ ते निरखून बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "आई, बाईंनी शिरोरेघच दिली नाहीये."