संस्थेची मागणी शासन निर्णयापर्यंत कशी न्यावी

महिलांसोबत काम करणाऱ्या संस्थांकडे अनुभव भरपूर असतो; मंत्रालयात मात्र कागद लागतो. म्हणून पहिले काम नोंदवहीचे. सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची अडचण, तिची ओळख झाकून, तारखेनिशी आणि काम नेमके कोणत्या टेबलावर अडले याच्या उल्लेखासह लिहून ठेवावी. वर्षभराच्या नोंदींत एकच अडवणूक वारंवार दिसू लागली, की तिच्याकडे सुटी तक्रार म्हणून पाहता येत नाही.

मग मागणी एका वाक्यात बसवावी. ‘महिलांचे सक्षमीकरण व्हावे’ या वाक्याचे अधिकाऱ्याने करायचे काय? ‘परित्यक्ता महिलेला स्वतंत्र शिधापत्रिका देताना पतीच्या संमतीपत्राचा आग्रह धरू नये’ असे लिहिले, तर निदान फाइलवर कार्यालयीन टिपणी तरी सुरू होते. त्याआधी विषय कोणत्या विभागाचा आहे आणि त्यावर शासन निर्णय निघालेला आहे का, हे शासनाच्या संकेतस्थळावर पाहावे. न सापडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. पुष्कळदा नव्या निर्णयाची गरजच नसते, जुना पाळला जात नसतो.

दरवेळी थेट मंत्रालय गाठावे असेही नाही. पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद व्हाव्यात यासाठी करमाळ्याच्या एका सामाजिक संस्थेने पाठपुरावा केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. हातात मंजूर ठराव असला, की त्याचा मसुदा पुढच्या गावाला देता येतो. त्यामुळे महिला सभेत विषय घेऊन तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे.

निर्णय निघाल्यावर सत्कार होतात, पेढे वाटले जातात, आणि नेमके तिथेच बहुतेकांचे लक्ष सुटते. गर्भलिंगनिदानाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. मुंबईत महिला, आरोग्य आणि विज्ञान चळवळींतल्या कार्यकर्त्यांनी उभारलेल्या मंचाच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचाही आला. तरी अंमलबजावणी इतकी ढिली राहिली, की आरोग्य आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्थांना लिंगनिवडीविरुद्ध काम करणारे कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने राज्यांकडून अहवाल मागवले, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

तेव्हा निर्णय निघाल्यानंतर सहा महिन्यांनी तीच नोंदवही पुन्हा उघडावी, त्याच टेबलावर आता काय सांगितले जाते ते टिपावे आणि शासन निर्णयाची प्रत जोडून ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.