स्क्रू कॉम्प्रेसरचा ऑइल फिल्टर कधी आणि कसा बदलायचा

ऑइल फिल्टर चोंदला तरी कॉम्प्रेसर सहसा बंद पडत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. बहुतेक फिल्टरमध्ये किंवा तो ज्यावर बसतो त्या हेडमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. आतला कागद चोंदला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच स्क्रूकडे जातं. हवा मिळत राहते, गेजचा काटा जागेवर असतो, पण बेअरिंगमधून कचरा फिरत असतो. म्हणून मशीनने तक्रार करायची वाट पाहू नका, तास मोजा.

नव्या मशीनचा पहिला फिल्टर साधारण ५०० तासांनी बदलतात, कारण सुरुवातीला बारीक धातूकण सुटतात. पुढे बऱ्याच मशीनना २००० तास चालतात. सिंथेटिक ऑइलवर काही मॅन्युअल जास्त मुभा देतात. आपल्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. मशीन अखंड चालत असेल तर २००० तास ८४ दिवसांतच भरतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उलट मशीन कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा फिल्टर बदलाच. धूळ जास्त असेल तर मुदत आणखी कमी करा. (छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये बहुधा ऑइल फिल्टर नसतोच, तिथे ऑइल वेळेवर बदलणं हीच देखभाल.)

फिल्टर त्याच पार्ट नंबरचा घ्या. आटे जुळतात म्हणून गाडीचा फिल्टर लावू नका. इथे फिल्टरवर ७ ते १३ बार दाब येतो. इंजिनमध्ये तो बराच कमी असतो. डबा फुगू शकतो, गॅस्केट (सांधा बंद करणारी रबरी रिंग) उडू शकतं, शिवाय बायपासची सेटिंगही वेगळी असते.

काम सुरू करण्याआधी मशीन बंद करा, मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा आणि लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. सेपरेटर टाकीतला (हवेतून ऑइल वेगळं करणाऱ्या टाकीतला) दाब पूर्ण उतरू द्या. यात घाई नको. लाइनचं गेज शून्य दाखवत असलं तरी टाकीत दाब असू शकतो, कारण मधे मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह असतो, तो टाकीतला दाब लाइनपासून अडवून ठेवतो. टाकीचंच गेज पाहा. चालत्या मशीनमध्ये ऑइल ७० ते ९० अंशांवर असतं. ते कोमट होईपर्यंत थांबा. पार गार झालं तर ऑइल नीट निथळत नाही.

खाली ट्रे ठेवा आणि पट्ट्याच्या पान्याने फिल्टर सोडवा. डब्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवू नका. पत्रा फाटतो आणि बूड हेडलाच अडकून राहतं. फिल्टर निघाला की हेडवर बोट फिरवून पाहा. जुनं गॅस्केट पुष्कळदा तिथेच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की गॅस्केटवर गॅस्केट येतं, आणि दाब चढताच ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हेड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा.

नव्या गॅस्केटवर मशीनमध्ये आहे तेच ऑइल बोटाने लावा. तोंड वर ठेवून बसणारा फिल्टर असेल तर त्यात आधी नवं ऑइल भरा, पण कडेच्या लहान भोकांतून. मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल न गाळता पुढे जातं. गॅस्केट टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवा, मग अर्धा ते पाऊण फेरा आवळा. डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. पाना लावून आवळलं की गॅस्केट चेपतं आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही.

मशीन दोन-तीन मिनिटं चालवून सांध्याभोवती टॉर्चने पाहा. बंद करा, दाब उतरू द्या, मग काचेतून पातळी तपासून कमी असेल तेवढं तेच ऑइल घाला. खनिज तेलात पॉलिग्लायकॉल (एक प्रकारचं सिंथेटिक ऑइल) मिसळलं तर चिकट गाळ होतो. शेवटी तासांचा काउंटर शून्यावर आणा आणि डब्यावर मार्करने तारीख व तास लिहा.

जुना फिल्टर लगेच टाकू नका. कापून कागद उलगडा. चकचकीत कण दिसले तर बेअरिंग तपासून घ्या. काळा, लाखेसारखा थर असेल तर ऑइल जास्त तापतंय. कूलर साफ करा. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी: मशीन पुरेसं तापण्याआधीच वारंवार बंद होत असेल किंवा ऑइल तापल्यावर कूलरकडे सोडणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल. वापरलेलं ऑइल आणि फिल्टर गटारात किंवा कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडेच द्या.