एका ‘ऑफ’पायी गेलेला कंटेनर

चाकणच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघते. एकदा माल तयार नव्हता म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला मेल टाकला, ‘लोडिंग इज कॉल्ड ऑफ’. मला म्हणायचं होतं ‘पुट ऑफ’, म्हणजे उद्यावर गेलंय. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्दच. त्याने कंटेनर दुसरीकडे लावून टाकला. मग साहेबांनी मला जे झापलं, त्याला इंग्रजीत ‘टेल ऑफ’ म्हणतात. तिथेही ऑफ!

तेव्हापासून अशा इंग्रजी जोड्यांच्या (फ्रेझल व्हर्ब्सच्या) याद्या पाठ करणं सोडलं. पुट ऑफ, पुट आउट, पुट अप एकाखाली एक लिहिले की डोक्यात खिचडी होते. आता वहीत आधी वस्तू लिहिते आणि तिच्याबद्दलचं अख्खं वाक्य. एकच सकाळ घ्या. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला. ‘द मिल्क वेंट ऑफ’ म्हणजे दूध नासलं. गजर सुरू होतो, दिवा बंद होतो, आणि शब्द तेच. वैतागू नका, परक्या माणसाला आपलं ‘लागणं’ समजावून बघा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं, लग्नही लागतं.

‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कुणी काही फेकत नाही, संपव, एवढंच. इंग्रजीत हे काम पुष्कळदा ‘अप’ करतो: ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. नवीन ‘अप’ भेटला की आधी ‘टाक’ लावून बघते. दर वेळी जमत नाही. डिक्शनरीत शब्द शोधणं म्हणजे ‘लुक अप’, तिथे ‘टाक’ कामाचं नाही.

‘इट’, ‘हिम’, ‘देम’ आले की ते मध्ये घालायचे: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हणजे ‘खाऊन ते टाक’ म्हटल्यासारखं. पण ‘लुक आफ्टर’ची, म्हणजे काळजी घेण्याची, जोडी फुटत नाही, ‘लुक आफ्टर हर’ असंच.

आपल्याकडे मीटिंग ‘प्रीपोन’ होते, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेतली जाते. ब्रिटिश ग्राहकाला मी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिते, म्हणजे पुन्हा खुलासा करावा लागत नाही.

वाक्प्रचार जपून वापरा. ‘किक्ड द बकेट’चा अर्थ ‘वारला’ असं पाठ करून ते शोकसंदेशात लिहिलं, तर ‘तुमचे वडील गचकले’ असं होईल. तिथे ‘पास्ड अवे’.

आणि ते शाळेतलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’! इंग्लंडच्या ग्राहकांशी रोज फोनवर बोलते, पावसाचा विषय तर ठरलेलाच. पण कुत्री-मांजरं अजून एकाच्याही तोंडून पडलेली नाहीत. ते म्हणतात, ‘इट्स पोअरिंग’. फारच धो धो असला तर ‘बकेटिंग डाउन’.