भरीत पार्टीला रंगांच्या गाण्यांचा खेळ कसा बसवायचा

थंडी पडली की आपल्या जळगाव, भुसावळ, यावलकडं रविवारी शेताशेतातनं धूर निघायला लागतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत (कुटायच्या लाकडी भांड्यात) कुटायची, कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या, आणि जेवणं झाली की सगळे चटईवर आडवे. मग कुणीतरी म्हणतं चला अंताक्षरी, आणि ती वीस मिनिटांत 'ठ' वर नाहीतर 'ढ' वर अडकते, नाना घोरायला लागतात, पोरं मोबाईल काढतात, संपलं. तीन वर्षांपासून आम्ही अक्षर सोडलं आणि रंग धरला. ज्या गाण्याच्या नावात रंग आहे तेच गाणं म्हणायचं. आता आमच्याकडं दिवस मावळला तरी माणसं उठत नाहीत, म्हणून नीट लिहून ठेवते, कुणालाही करता येईल.

आधी टोपली भरायची. चिठ्ठ्या अजिबात करू नका, चिठ्ठीत मजा नाही. शेतात आणि घरात रंग पडलेलेच असतात तेच घ्यायचे. पांढऱ्याला कापसाचं बोंड, काळ्याला मातीचं ढेकूळ, हिरव्याला केळीच्या पानाचा तुकडा, लालला सुकी मिरची (आमच्या दाजींकडून नंदुरबारची येते, ती हात लावल्यावर लगेच डोळ्याला लावू नका म्हणून पोरांना आधीच सांगायचं), पिवळ्याला हळकुंड, केशरीला झेंडू, निळ्याला कपड्याच्या निळीची पुडी, गुलाबीला गुलाल. जांभळ्याला भाजीचं छोटं वांगं घ्यावं लागतं कारण आपलं भरताचं वांगं तर हिरवं असतं. टोपलीवर रुमाल टाकायचा, टीममधल्या एकानं न बघता हात घालायचा, जे हाताला लागेल तो रंग. बोंड हातात आलं की लहान पोर पण ओरडतं पांढरा पांढरा, तिथंच खेळात जीव येतो.

टीम चार करा आणि वयं मिसळा, हे फार महत्त्वाचं. सगळी कॉलेजची पोरं एकीकडं आणि सगळ्या काकू एकीकडं असं केलं तर दोन्ही टीम मरतात, कारण जुनी गाणी एकाला माहीत आणि नवीन दुसऱ्याला. आमच्यात फुई (आत्या) आणि भाचा एका टीममध्ये असतात आणि त्यांना कुणी हरवत नाही. वेळ मोजायला मोबाईलचा टायमर लावू नका, बडगीवर मुसळाचे दहा ठोके द्यायचे, दहाव्या ठोक्याला गाणं नाही आलं तर पाळी पुढं.

आता नियम, आणि इथंच भांडणं होतात म्हणून खेळाच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवायचे. पहिला प्रश्न गाण्याचं नाव म्हणजे काय. इंग्रजी गाण्याला वेगळं नाव असतं, 'यलो सबमरीन' (1966, बीटल्स), 'पर्पल रेन' (1984, प्रिन्स) असं ठरलेलं. आपल्याकडं भावगीताला आणि सिनेमाच्या गाण्याला वेगळं नाव नसतंच, पहिली ओळ तेच नाव. म्हणून आमचा नियम असा की रंग पहिल्या ओळीत कानाला ऐकू आला पाहिजे, अंतऱ्यात असून चालणार नाही. याचा सगळ्यात सुंदर दाखला आपल्याच मातीतला आहे. धरणगावात जन्मलेल्या बालकवींच्या कवितेचं छापील नाव 'फुलराणी', पण कुणालाही विचारा, तो 'हिरवे हिरवे गार गालिचे' हेच म्हणणार. आमच्या खेळात ते धरतो आणि सगळे मिळून म्हणतो, शाळेत पाठ केलेलं असतं त्यामुळं आबांपासून नातीपर्यंत सगळ्यांना येतं. बालकवी 1918 मध्ये गेले, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली, वय फक्त 27, भुसावळला जाताना ते स्टेशन आलं की मला दर वेळी आठवतं.

दुसरा नियम, नुसता 'रंग' हा शब्द म्हणजे रंग नाही. 'रंग बरसे' कुणीतरी म्हणणारच, होळीचं आहे, सगळ्यांचं लाडकं आहे, पण त्यात रंगाचं नाव कुठंय, त्यामुळं बाद. त्याच सिलसिला (1981) मधलं 'नीला आसमाँ सो गया' मात्र चालतं. एकाच सिनेमातलं एक पास आणि एक नापास, हे उदाहरण दिलं की नियम पोरांच्या डोक्यात पक्का बसतो.

तिसरा नियम फळाफुलांचा. गुलाबी चालतं, गुलाब नाही. केशरी, केसरिया चालतं. मेंदी नाही, काजळ नाही. सगळ्यात मोठा वाद जैत रे जैत (1977) मधल्या 'जांभूळ पिकल्या झाडाखाली'वर झाला, ना. धों. महानोरांचं गाणं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आणि पडद्यावर आपल्या शिरपूरच्या पाटलांची स्मिता. भाचा म्हणे जांभूळ म्हणजे जांभळा रंगच ना, आणि फुई त्याच्याच टीमची असून उठून बसली आणि म्हणाली, हाऊ रंग नई, हाई फय शे (हा रंग नाही, हे फळ आहे). संपला विषय. जांभळ्यासाठी महानोरांचंच दुसरं आहे ना, 'गडद जांभळं भरलं आभाळ', एक होता विदूषक (1992) मधलं, त्यात जांभळं हा खरोखर आभाळाचा रंग आहे. त्याच सिनेमात 'लाल पैठणी रंग माझ्या चोळीला' पण त्यांचंच. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या बाजूचे, शेती करणारा माणूस, त्यामुळं त्यांच्या गाण्यात रंग पावसातून आणि पिकातून येतो, उगीच शोभेला नाही.

सावळा आणि गोरा हे रंग धरायचे का, तर धरायचे, माझं मत ठाम आहे. नाही धरले तर मराठीतली निम्मी चांगली गाणी बाहेर राहतील. 'सावळाच रंग तुझा' घ्या, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, माणिक वर्मांचा आवाज, हे गाणं रंगाच्या खेळात नाही तर कुठल्या खेळात घ्यायचं. सावळ्याला आम्ही काळ्यात टाकत नाही, ढेकूळ किंवा निळ, दोन्हीपैकी काहीही हातात आलं तरी सावळा चालतो, विठोबा आणि कृष्ण दोघांचा तो रंग आहे. गोरा पांढऱ्यात धरतो कारण पांढऱ्याची पंचाईत आहे. गंमत बघा, आजूबाजूला सगळं रान कापसानं पांढरं झालेलं आणि पांढरं गाणं कुणालाच सुचत नाही. तेव्हा 'गोरी गोरी पान' वाचवतं, गदिमा, श्रीनिवास खळे आणि आशा भोसले, आणि ते लहान पोरांना द्यायचं. हिंदीत 'मोरा गोरा अंग लई ले' आहे बंदिनी (1963) मधलं, गुलजारांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी, ते जिचा आवाज खरंच हळवा आहे तिनंच म्हणावं, धांगडधिंग्यात वाया जातं.

बाकी रंगांची तयारी तुम्ही यजमान म्हणून आधीच एका वहीत करून ठेवा, रंगाला एक पान, कारण ठोके पडायला लागले की येणारं पण येत नाही आणि मग यजमानानं एक शब्द सुचवायचा असतो. हिरव्याला 'हिरवा निसर्ग हा भवतीने', नवरा माझा नवसाचा (2004) मधलं, सोनू निगम. निळ्याला 'श्रावणात घन निळा बरसला', पाडगावकर-खळे-लता, पण हे अवघड आहे, खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला गेलं की पाय घसरतो, त्यामुळं नवशिक्यानं 'नीले नीले अंबर पर' (कलाकार, 1983, किशोर कुमार) किंवा 'नीले गगन के तले' (हमराज, 1967, महेंद्र कपूर) घ्यावं. लाल तर ढीगभर, 'हवा में उडता जाये मेरा लाल दुपट्टा' बरसात (1949) चं, 'लाल छडी मैदान खडी' जानवर (1965) चं रफीचं, 'लाल दुपट्टेवाली' आँखें (1993) चं. मिरची हाताला लागली की टीम हसायलाच लागते. केशरीला 'मेरा रंग दे बसंती चोला' मी धरते, बसंती खरं पिवळा की केशरी यावर आमच्यात एकमत नाही म्हणून हळकुंड आणि झेंडू दोन्हीला चालवतो, आणि नव्या पोरांना 'केसरिया' आहेच, ब्रह्मास्त्र (2022), अरिजीत. पिवळ्याला मराठीत 'पिवळी पिवळी हळद लागली', लग्नाची सवय असलेल्या बायका ते झोपेत पण म्हणतील. इंग्रजी गाणं कुणी म्हटलं तर घ्या, आमच्या पुण्याच्या भाच्यानं 'ब्लॅक ऑर व्हाइट' (1991, मायकेल जॅक्सन) म्हणून एका झटक्यात दोन रंग काढले आणि डबल गुण मागितले, दिले आम्ही.

गुण सोपे ठेवा. मुखडा आणि एक अंतरा मोबाईलमध्ये न बघता म्हटला तर दोन, नुसता मुखडा तर एक. गाणाऱ्याचं किंवा कवीचं नाव बरोबर सांगितलं तर वर एक. हा नावाचा गुण मी मुद्दाम ठेवलाय, कारण गाणं सगळ्यांना येतं आणि लिहिलं कुणी हे कुणालाच माहीत नसतं.

कुणाकडं पेटी असेल तर जरूर आणा, आमचे नाना वाजवतात. पण गाणारीला आधी पट्टी विचारा. पेटीवाल्यांची भाषा पण रंगाचीच आहे बघा, काळी एक, काळी चार, पांढरी दोन, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नंबर. साधारण बाप्ये काळी एक-दोनच्या आसपास गातात आणि बाया काळी चार-पाचकडं, त्यामुळं बाप्याच्या पट्टीत बाईला गायला लावलं की आवाज खाली बसतो आणि ती बिचारी म्हणते माझा घसा बसलाय. घसा नाही बसलेला, पट्टी चुकलेली असते. पेटी नसेल तर कराओके, पण शेतात रेंज नसते, ट्रॅक घरीच डाउनलोड करून ठेवा आणि दोन-तीन वेगवेगळ्या पट्टीतले ठेवा. स्पीकर छोटा चार्जिंगचा बास. एका वर्षी आम्ही हौसेनं भाड्यानं मोठा साऊंड आणला, जनरेटर तासाभरात बंद पडला आणि तोवर नुसता धबधब आवाज होता, फुईच्या गाण्याचा एक शब्द कुणाला कळला नाही, तिला किती वाईट वाटलं ते मी विसरत नाही. माईक एकच ठेवा आणि तो म्हाताऱ्यांना द्या, पोरांचा आवाज तसाही शेजारच्या मळ्यात जातो.

सुरुवात मात्र टोपलीवर सोडायची नाही. पहिलं ढेकूळ यजमानानं स्वतः उचलायचं आणि सगळ्यांनी मिळून 'काळ्या मातीत मातीत' म्हणायचं. गाणं वऱ्हाडच्या विठ्ठल वाघांचं, सिनेमा अरे संसार संसार (1981), म्हणजे नाव आपल्या बहिणाबाईंच्याच ओळीचं. अनुराधा पौडवाल आणि सुरेश वाडकर दोघांचं आहे, त्यामुळं बाया आणि बाप्ये वाटून म्हणता येतं आणि ज्याला एकट्यानं गायची लाज वाटते त्याचं पण तोंड उघडतं. बसलेलो असतो त्याच काळ्या रानात, वेगळी वातावरणनिर्मिती लागत नाही.

गुलाल पण टोपलीत शेवटी टाकायचा, आधी नाही, हे अनुभवानं सांगते. 'गुलाबी साडी' एकदा लागलं की परत कुणी खाली बसत नाही. 2024 मध्ये ते देशभर रीलवर वाजलं, आणि संजू राठोड आपल्या जळगाव जिल्ह्याचा, हे मी दर वर्षी नव्या पाहुण्यांना सांगतेच सांगते. जुन्या माणसांसाठी त्याआधी 'गुलाबी आँखें जो तेरी देखी' (द ट्रेन, 1970, रफी) म्हणून घ्या, मग नाच.

अहिराणी गाणं आलं तर माझ्याकडं एक गुण जास्त असतो. यूट्यूबवर खान्देशी गाण्यांचा पूर आहे पण पहिल्याच ओळीत रंग असलेलं शोधायला डोकं लागतं, तेवढा मान द्यायलाच पाहिजे. बहिणाबाईंचं 'हिरवे हिरवे पानं, लाल फय जशी चोच' कुणी चालीवर म्हटलं तर दोन रंगांचे पूर्ण गुण, ती ओळ वडाच्या झाडाची आहे आणि आमच्या विहिरीवर तसाच वड आहे. फुई मात्र दर वर्षी गुलाल हातात आला की गुलाबाईचं गाणं सुरू करते, लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर म्हटलेलं. नियमानं ते बसत नाही, मी गुण देत नाही, पण थांबवत पण नाही, सगळ्या कडव्यांपर्यंत म्हणू देते आणि ठोके बंद ठेवते. तुमच्याकडं पण अशी एखादी फुई असणार, तिच्यासाठी वेळ धरूनच ठेवा.

दिवस मावळताना 'सांज ये गोकुळी, सावळी सावळी', वझीर (1994), आशाबाईंचं, हे एकीनंच म्हणायचं, बाकीच्यांनी भांडी आवरायची. वहीत त्या दिवशी नवीन आलेलं गाणं तिथंच लिहून टाका, घरी गेल्यावर आठवत नाही. माझ्या वहीत लालची दोन पानं भरली, पिवळ्याच्या पानावर अजून दोनच गाणी आहेत, तुम्हाला मराठी किंवा अहिराणी पिवळं गाणं येत असेल तर मला रविवारच्या आत सांगा.