गोव्याच्या रस्त्यांसाठी बाबागाडी कशी निवडावी

बाबागाडीची निवड दुकानात किंवा मोबाईलच्या पडद्यावर सुरू करण्याऐवजी आपल्या घराच्या दारातून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. बाळाला घेऊन आपण रोज जिथे जाणार आहोत, मग तो बाजार असो, डॉक्टरांचा दवाखाना असो की आजोळ, त्या वाटेवरून एकदा मोकळ्या हातांनी चालत जावे आणि पायऱ्या किती लागतात, चढ कुठे आहे, गटारावरच्या लाद्यांमध्ये फटी किती आहेत, पदपथ कुठे सुरू होऊन कुठे मध्येच संपतो, हे नीट पाहून घ्यावे. बाजारातल्या बऱ्याच गाड्या सपाट, गुळगुळीत जमीन गृहीत धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे मात्र एकाच फेरीत डांबर, सिमेंटचे ब्लॉक, चिऱ्यांची पायवाट, देवळाचे फरसबंदी प्रांगण आणि कधी वाळूसुद्धा लागते.

आम्ही फोंड्यात पहिल्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी झाली तेव्हा मी पहिली गाडी रंग आणि किंमत पाहून घेतली. तिची चाके लहान आणि कडक प्लास्टिकची होती. तिसऱ्याच दिवशी बाजाराकडे उतरताना गटारावरच्या दोन लाद्यांमधल्या फटीत पुढचे चाक आडवे वळून अडकले, माझा ढकलण्याचा जोर मात्र चालूच राहिला, त्यामुळे मागची चाके उचलली गेली आणि बाळ पुढे झुकले. पट्टे नीट बांधलेले होते म्हणून निभावले. ती फट जेमतेम माझ्या दोन बोटांएवढी होती आणि गाडीचे चाक तिच्याहूनही अरुंद होते. त्या दिवसापासून मी कोणतीही बाबागाडी पाहते तेव्हा माझी नजर आधी चाकांकडे जाते.

चाकांकडे वळण्यापूर्वी बाळाच्या वयाचा विचार करायला हवा, कारण त्या बाबतीत तडजोड करता येत नाही. नवजात बाळाला मान सावरता येत नाही आणि आधाराशिवाय बसण्याइतकी पाठ साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास बळकट होते. तोपर्यंत त्याला उभट बैठकीत ठेवले, तर डोके पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून जन्मापासून वापरायची गाडी पाठ पूर्ण किंवा जवळजवळ सपाट होणारीच हवी. बाबागाड्यांसाठी युरोपात ईएन १८८८ हे मानक आहे. त्यानुसार बैठक आणि पाठ यांच्यामधला कोन १५० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती बैठक सहा महिन्यांखालच्या बाळासाठी योग्य मानली जात नाही. दुकानात कोनमापक नेण्याची गरज नाही. पाठ पूर्ण खाली करून बाजूने पाहिले की बाळ तिथे झोपेल की घसरून गोळा होईल, ते लगेच कळते. मोटारीतली बाळाची सीट सांगाड्यावर बसवता येते अशाही गाड्या मिळतात. मोटारीतून उतरून दवाखान्यात जाण्यापुरती ती सोय उत्तम आहे, परंतु त्या सीटमध्येही बाळ वाकलेल्या अवस्थेत असते, त्यामुळे तिच्यात झोपवून तासन्‌तास फिरवू नये.

आता चाके. वाटेत खाच किंवा उंचवटा आला की मोठे चाक त्याला वरच्या बाजूने भेटते आणि चढून जाते, तर लहान चाक त्याला समोरून धडकते आणि थांबते. साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाची चाके मॉलमध्ये, विमानतळावर आणि घरातल्या लादीवर छान फिरतात. गावच्या रस्त्यावर मात्र निदान मागची चाके २० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असावीत आणि पुढचीही फार लहान नसावीत. व्यासाइतकीच रुंदी महत्त्वाची असते, कारण अरुंद चाक फटीत शिरते आणि रुंद चाक तिच्यावरून निघून जाते. पुढची चाके चारी बाजूंना वळणारी असावीत, पण त्यांना सरळ दिशेत पक्के करण्याची खिट्टी हवीच. खडबडीत वाटेवर ती लावली की चाक आडवे वळून अडकण्याचा धोका बराच कमी होतो. हवा भरलेली रबरी चाके धक्के सर्वांत चांगले शोषतात, पण ती पंक्चर होतात आणि पंप जवळ ठेवावा लागतो. आपल्या लाल मातीच्या, खडीच्या वाटांसाठी मला भरीव फोमची किंवा भरीव रबराची मोठी चाके अधिक सोयीची वाटतात. चाकांवर स्प्रिंग आहे असे विक्रेत्याने सांगितले तर बैठकीवर तळहाताने जोराने दाबून पाहावे. सांगाडा किंचित खाली जाऊन परत वर आला पाहिजे.

मिरामारच्या वाळूत बाबागाडी चालेल का, असे मला अनेक जणी विचारतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत कोणतीच गाडी नीट चालत नाही. फार तर ती पाठीमागे ओढत नेता येते. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू त्या मानाने बरी. समुद्रावरून परतल्यावर चाके, आस आणि सांधे गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावेत, कारण खारट ओलावा आणि वाळूचे कण मिळून आस खराब करतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा सांगाडा निवडावा. लोखंडी सांगाड्यावरचा रंग एकदा खरचटला की गंज लागायला वेळ लागत नाही, आणि त्याची सुरुवात रिव्हेटपाशी होते.

ब्रेकची परीक्षा सपाट जमिनीवर घेऊन उपयोग नाही. पणजीचा आल्तिन्होचा चढ किंवा फोंड्यातले उतार ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांनी गाडीत वजन ठेवून, तिचे तोंड उताराकडे करून, ब्रेक लावून पाहावा. पायाने एकदा दाबला की मागची दोन्ही चाके एकदम अडली पाहिजेत. काही गाड्यांचा ब्रेक सोडताना पट्टी पायाच्या बोटांनी खालून वर उचलावी लागते. बुटांत हे जाणवत नाही, पण आपण बहुतेक वेळ चपला घालतो आणि उघड्या अंगठ्याला ती धार चांगलीच लागते. दाबूनच लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक मिळाला तर तोच घ्यावा. उतारावर चालताना हातात अडकवायचा पट्टा असल्यास तो मनगटात अडकवावा. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसारख्या ठिकाणी तर ब्रेक लावल्यावरही दांड्यावरचा हात काढू नये, कारण बोट धक्क्याला लागताना हिसका बसतो.

पट्टे पाच ठिकाणी धरणारेच हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. हा पाचवा पट्टा मुलाला खाली घसरू देत नाही, म्हणून तो वगळून बक्कल लावता येत असेल तर ती रचना टाळावी. बक्कल मोठ्यांना एका हाताने उघडता यावे, पण मुलाच्या बोटांना दाद देऊ नये. बाळ शांत झोपले आहे म्हणून पट्टे सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा.

सामानाच्या बाबतीत एक चूक मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वारंवार पाहते. नारळांची, भाजीची पिशवी दांड्याला अडकवलेली असते, आई पैसे देण्यासाठी बाळाला कडेवर घेते आणि पुढचा भार गेल्याबरोबर गाडी मागे उलटते. बाळ आत असतानाही भरलेल्या पिशवीमुळे तोल मागे जातोच. म्हणून बैठकीखाली ऐसपैस टोपली असलेली गाडी निवडावी, पाठ पूर्ण खाली केल्यावरही त्या टोपलीत हात जातो की नाही ते पाहावे आणि दांडा मोकळा ठेवावा.

वजन आणि घडी यांचा विचार गाडी प्रत्यक्ष उचलणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने करावा. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्या साधारण ५ ते ७ किलोंच्या असतात, तर मोठ्या चाकांच्या, सपाट बैठकीच्या गाड्या १० किलोंच्या पुढे जातात. सिझेरियन झालेल्या आईला पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी लिफ्ट नसलेल्या इमारतीत अकरा किलोंची गाडी कोण वर नेणार, हा प्रश्न घरात आधीच स्पष्ट बोलून घ्यावा. आमच्या घरी त्याचे उत्तर असे निघाले की जड गाडी खाली जिन्याखाली साखळीने बांधून ठेवायची आणि बाळाला तेवढे वर न्यायचे. छत्रीसारखी घडी होणारी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने १९६५ साली तयार केली. प्रवासात सहज उचलता यावी हाच तिच्या रचनेचा गाभा आहे आणि आजही ती प्रवासासाठीच अधिक योग्य आहे. मडगाव किंवा थिवीच्या स्थानकावरचा पूल, कदंबच्या बसच्या उंच पायऱ्या किंवा मोपा विमानतळावरची धावपळ हेच ज्यांच्या वाट्याला जास्त येते, त्यांनी सहा महिन्यांनंतर ती जरूर घ्यावी.

घडी करून पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. एका हातात बाळ असताना गाडी मिटते का, उघडल्यावर सांगाडा पक्का बसल्याचा आवाज येतो का आणि चुकून मिटू नये यासाठी दुसरी खिट्टी आहे का. सांध्यांना आच्छादन आहे की नाही तेही पाहावे. २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण उघडता-मिटताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटली होती. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर दूर उभे असले पाहिजे, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

गाडी ठेवायच्या मोटारीची डिकी आणि जिन्याची रुंदी टेपने मोजून घ्यावी. दांड्याची उंची बदलता येत असेल तर उत्तम. माझ्या सासूबाई माझ्यापेक्षा बऱ्याच ठेंगण्या आहेत आणि संध्याकाळची फेरी त्याच मारतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या वेळी मी त्यांनाच दुकानात नेले. ज्यांचे सगळे येणे-जाणे स्कूटरवर होते, त्यांनी मात्र मोठ्या गाडीवर खर्च करण्यापूर्वी खरोखर विचार करावा, कारण स्कूटरवरून बाबागाडी सुरक्षितपणे नेता येत नाही.

उन्हाळ्यात टप मोठा हवा आणि त्याला मागे जाळीची खिडकी हवी. ऊन लागू नये म्हणून टपावरून जाड कापड किंवा दुपट्टा सोडून गाडी पूर्ण झाकण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण आतली हवा कोंडते, उष्णता झपाट्याने वाढते आणि बाळ आपल्याला दिसतही नाही. प्लास्टिकचे पाऊस-आच्छादनही पाऊस थांबताच काढावे आणि घेताना त्याला हवेसाठी छिद्रे आहेत याची खात्री करावी. मच्छरदाणी मात्र बाराही महिने उपयोगी पडते. ती गाडीच्या मापाची, कडेला इलॅस्टिक असलेली असावी.

जून ते सप्टेंबर या काळात गाडीचा खरा शत्रू बुरशी असते. एका वर्षी पावसात महिनाभर न वापरलेली आमची गाडी मी चवथीच्या आदल्या आठवड्यात बाहेर काढली, तेव्हा वरून ती स्वच्छ दिसत होती, पण बैठकीची गादी उलटली तर खालच्या शिवणीवर राखाडी ठिपक्यांची रांग होती आणि ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. कापड सांगाड्यापासून पूर्ण सुटणारे असल्यामुळेच ते धुऊन उन्हात टाकता आले. कापड सुटत नसेल ती गाडी कितीही देखणी असली तरी आपल्या हवामानात घेऊ नये.

नातेवाइकांकडून आलेली जुनी गाडी घ्यायला हरकत नाही. मुले ती लवकर मागे टाकतात आणि चांगली गाडी दोन-तीन बाळांना सहज पुरते. फक्त चाके हाताने हलवून डुगडुगतात का, पट्ट्यांची शिवण उसवली आहे का, ब्रेक उतारावर धरतो का आणि घडीची खिट्टी पक्की बसते का, हे तपासावे. यांपैकी एक जरी गोष्ट सदोष असेल आणि दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर देणाऱ्याचे मन राखण्यासाठी ती वापरू नये. नव्या गाडीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. अनेक गाड्यांची ती १५ किलो असते आणि साधारण तीन-चार वर्षांपर्यंत पुरते.

पैसे देण्यापूर्वी चाके रस्त्यावर फिरवल्यानंतरही गाडी बदलून मिळेल का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि तो होकार पावतीवर लिहून घ्यावा. घरी आणल्यावर पहिल्या फेरीला बाळाला बसवू नये. पाच किलो तांदळाची पिशवी बैठकीत ठेवून पाचही पट्टे बांधावेत, आधी चालून पाहिलेल्या त्याच वाटेवरून गाडी न्यावी, प्रत्येक उतारावर ब्रेक लावून पाहावा आणि लाद्यांच्या फटींवरून ती मुद्दाम दोन-तीनदा न्यावी. पिशवी जागची हलली नाही आणि चाक कुठे अडकले नाही, तर दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बाळाला घेऊन निघावे.