कोल्हापुरात स्वीट पी फुलवताना: जातीची निवड

आमच्या कोल्हापूरच्या परसबागेत स्पेन्सर या मोठ्या, झालरदार फुलांच्या गटातील स्वीट पीचे वेल जोमाने वाढत, परंतु कळ्या धरेपर्यंत मार्च उजाडे आणि उन्हाच्या तडाख्याने त्या गळून पडत. खतपाणी बदलून फरक पडला नाही, कारण या गटाला फुलण्यासाठी सुमारे १२ तासांचा दिवस लागतो, तर आपल्याकडे डिसेंबरात तो ११ तासांच्या आसपास असतो. म्हणून लहान दिवसांतही फुलणारी ‘विंटर एलिगन्स’ ही सुगंधी जात निवडली, परतीचा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये बी रात्रभर भिजवून पेरले आणि जानेवारीत वेल बहरला.

निव्वळ सुगंधासाठी मात्र मी ‘क्युपानी’लाच झुकते माप देईन. फ्रान्सिस्को क्युपानी या धर्मगुरूने १६९९ मध्ये सिसिलीहून इंग्लंडला पाठवलेल्या बियाण्याशी नाते सांगणारी ही जांभळ्या-किरमिजी रंगाची जात आकाराने लहान, पण वासाने नव्या झालरदार जातींहून कितीतरी सरस आहे. तिची कुंडी पूर्वेला, दुपारी सावली मिळेल अशा जागी ठेवली आहे. फुले रोज खुडावीत, कारण शेंगा धरल्या की बहर थांबतो. शिवाय त्या मटारासारख्या दिसल्या तरी विषारी असतात.