नो डायलटोन: घरोघरचे मॉडेम दुरुस्त करताना

२००१ साली मी सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागलो. पगार पंधराशे, सायकल स्वतःची. हार्डवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स झाला होता, म्हणजे रॅम काढता-घालता येत होती. तेव्हा घरोघरी नेट फोनच्या लाईनवरून लागायचं, मॉडेम नावाच्या यंत्रानं नंबर फिरवून. पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या दादांनी चिठ्ठी हातात ठेवली: विश्रामबाग, नेट लागत नाही. पुढच्या दोन वर्षांत माझ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर हेच तीन शब्द असायचे.

त्या पहिल्या घरी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण नव्या पोरांना मी आजही तेच सांगतो. मशीन चालू केलं, विंडोज ९८ मध्ये डायल केलं, नाही लागलं. मॉडेमचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो चालवायला लागणारा प्रोग्राम, काढला, परत टाकला. नाही. मग सरळ फॉरमॅट मारला. तीन तास गेले. ड्रायव्हरच्या सीडीवर ओरखडे होते, त्यात आणखी एक तास. शेवटी घरातल्या काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, आमचा फोन कालपासनं बंदच आहे. त्याचा काय संबंध नसेल ना?"

तेव्हापासून घरात शिरलो की चप्पल काढायची आणि पहिल्यांदा फोनचा रिसीव्हर उचलायचा. मॉडेम म्हणजे शेवटी फोनवर बोलणारं यंत्र. जिथं माणसाला नीट ऐकू येत नाही, तिथं त्याला काय ऐकू येणार? डायलटोन, म्हणजे रिसीव्हर उचलल्यावरचा तो एकसुरी आवाज, येतोय का, त्यात घरघर आहे का, एखादा आकडा दाबल्यावर लाईन पूर्ण शांत होते का, हे कानानं बघायचं. खरखर असेल तर मॉडेमच्या नादी लागायचं नाही. भिंतीवरच्या पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंत लोकांनी स्वतः ओढलेली वायर असायची, मध्ये दोन-तीन पिळे मारून चिकटपट्टी लावलेली. पावसाळ्यात त्या पिळ्यांना हिरवा गंज चढायचा. निम्मी दुरुस्ती तिथंच व्हायची, कात्री आणि नवीन वायर घेऊन. मात्र रिंग येत असताना त्या तारा उघड्या बोटांनी धरू नका. एरवी लाईनवर साधारण ४८ व्होल्ट असतात, रिंगला त्यावर ७५ च्या आसपास एसी चढतो. मी धरलाय. झिणझिण्या कोपरापर्यंत जातात.

फोन ठीक असेल तर मग मॉडेम. पुष्कळ लोक त्याचा स्पीकर बंद करून ठेवत, कारण रात्री दर कमी म्हणून उशिरा नेटवर बसायचं आणि त्या किंचाळीनं घर जागं व्हायचं. मी सगळ्यात आधी तो आवाज चालू करायचो. सहा महिन्यांत कान तयार होतो. आधी टोन, मग आकडे, मग पलीकडे, नेट देणाऱ्या कंपनीकडे, रिंग, मग पलीकडच्या मॉडेमची लांब शिट्टी आणि शेवटी ती खरखरती झटापट. टोनच आला नाही तर केबल चुकीच्या भोकात आहे. मागे 'लाईन' आणि 'फोन' अशी दोन भोकं असतात, लोक हमखास उलट लावायचे. रिंग वाजतच राहिली तर पलीकडचं कुणी उचलत नाही. शिट्टी येऊन झटापट पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तर लाईनमध्ये कचरा आहे. आणि स्पीकरमधून "हॅलो, कोण बोलतंय? अहो बोला की!" असं ऐकू आलं तर नंबर चुकलाय. एका घरी मॉडेम आठवडाभर कुठल्याशा आजोबांना रात्री अकराला उठवत होता.

आकड्यांतल्या एररही पाठ होतात. ६८० म्हणजे डायलटोन नाही. ६७६ म्हणजे लाईन एंगेज. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि दहातल्या आठ वेळा कॅप्स लॉक चालू. यातली गंमत कळली तर अर्धं काम झालं: ६९१ आला याचा अर्थ वायर, मॉडेम, ड्रायव्हर, नंबर सगळं ठीक आहे, पार शेवटच्या दारापर्यंत पोचलोय. एरर नुसती वाचू नका, ती येण्याआधी काय काय पार पडलं ते बघा.

६८० चा एक पोटप्रकार ऑफिसांत भेटायचा. ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज असायचं, बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागायचा. त्याचा आतला टोन वेगळा, तो मॉडेमला ओळखू यायचा नाही, म्हणून मॉडेम रुसून बसायचा. सेटिंगमध्ये 'डायलटोनची वाट पाहा' ही खूण काढायची, किंवा जास्तीच्या कमांडमध्ये एक्स३, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर, असं लिहायचं, आणि नंबराआधी शून्य व स्वल्पविराम. स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. काही गावांत एक्स्चेंज जुनं, तिथं आकड्यांच्या सुरांऐवजी पल्सवर, म्हणजे ठोक्यांनी, डायल करावं लागे. टकटकटक ऐकत बसायचं.

मॉडेम जिवंत आहे की नाही हे बघायला विंडोजमधला हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडायचा, एटी टाइप करून एंटर मारायचा. ओके आलं तर कॉम्प्युटर आणि मॉडेम यांचं बोलणं चालू आहे. काहीच आलं नाही तर भानगड घरातच आहे, टेलिफोनवाल्यांना शिव्या देऊ नका.

जुन्या मशीनमधली एक भानगड मला दोन दिवस खेळवून गेली. डायल केलं की माऊस गोठायचा. माऊस बदलला, गोळी धुतली, काही नाही. तो सिरियल माऊस होता, मशीनच्या कॉम १ या पोर्टवर. आतलं मॉडेम कार्ड जंपरनं, म्हणजे कार्डावरच्या पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीनं, कॉम ३ वर ठेवलेलं. पत्ते दोघांचे वेगळे, पण प्रोसेसरला हाक मारायचा इंटरप्ट एकच, ४ नंबरचा. म्हणजे दोन घरांना मिळून एकच बेल. कार्ड कॉम २ वर नेलं, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) मदरबोर्डचा स्वतःचा कॉम २ बंद केला, मिटलं. लावली की आपोआप जुळणारी प्लग अँड प्ले पीसीआय कार्डं आल्यावर हा त्रास गेला आणि दुसरा आला. ती स्वस्त कार्डं अर्धी कामं प्रोसेसरकडून करून घेतात, ड्रायव्हर नसेल तर नुसता पत्रा. विंडोज पुन्हा टाकलं की यादीत पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'. कार्डावर कंपनीचं नाव नसतं. मोठ्या चिपवरचा नंबर वाचून ड्रायव्हर शोधायचा. तो मिळणार नेटवर, आणि नेटसाठी हवा तोच ड्रायव्हर. म्हणून माझ्या पिशवीत कायम एक बाहेरचा, खात्रीचा मॉडेम, एक नवी केबल आणि ड्रायव्हरची सीडी असायची. शंका असलेली वस्तू खात्रीच्या वस्तूनं बदला, आणि एका वेळी एकच. दोन बदलल्या आणि चालू झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि महिन्यानं तीच चिठ्ठी परत येते.

वेगाबद्दल थोडक्यात. डब्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, लिहिलेलं असलं तरी चाळीसच्या आसपास मिळालं तर आनंद माना. सारखं तुटत असेल तर मी मुद्दाम ३३.६ वर बांधून टाकायचो. गिऱ्हाइकाला ते पटायचं नाही, पण पेज उघडायला लागल्यावर गप्प बसायचं. आणि मे महिन्यात वळीव आला की दुसऱ्या दिवशी रांग लागायची. वीज फोनच्या तारेतून येते. मेन स्विच बंद केला तरी केबल भिंतीत राहिली की मॉडेम जळतो, कधी मदरबोर्डही घेऊन जातो. आभाळ भरलं की फोनची पिन काढा, हे मी प्रत्येक घरी सांगायचो.

नुसतं मशीन बघून न सुटणारी एक केस. निवृत्त सरांच्या घरी रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला नेट तुटायचं. लाईन स्वच्छ, मॉडेम उत्तम. शेवटी मी आठ वाजताच जाऊन बसलो. सर मुलाला मेल लिहीत होते आणि स्वयंपाकघरातून खट् असा आवाज आला. नेट गेलं. तिथं त्याच लाईनवरचा दुसरा, पॅरलल फोन होता. आजी रोज आठला रिसीव्हर उचलून बघायच्या, चालू आहे ना, नातवाचा अमेरिकेहून फोन यायची वेळ झाली. नेट चालू असताना तो फोन येणार कसा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हुशारी केली. स्वयंपाकघराची वायर मॉडेमच्या 'फोन' भोकातून नेली. त्या कार्डात नेट लागलं की पुढचा फोन तुटायचा, त्यामुळे आजींनी उचलला तरी सरांचं नेट शाबूत. घरी जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर दादा हसत होते. आजींनी आठला रिसीव्हर उचलला, टोन नाही, म्हणून शेजारी जाऊन १९८ ला फोन डेड असल्याची कंप्लेंट नोंदवली होती, आणि सकाळी सातलाच लाईनमन शिडी घेऊन दारात हजर.